ठसका न लागणारं घर

११ जानेवारी, रविवार

समीच्या सराव परीक्षेचा निकाल आला. गणितात चाळीसपैकी अकरा. विज्ञानात चौदा. नववीपर्यंत पहिल्या पाचांत असायची माझी नात. कागद मीच दोनदा उलटून बघितला, तर तिच्या आईबापाचं काय.

सर्जानं, माझ्या लेकानं, कागद ओट्यावर आपटला. "काय कमी केलंय गं तुला? माळ्यावर येगळी खोली दिली, पंखा दिला, क्लास लावला!" लगेच रूपाली, माझी सून, चुलीपासनं, "पोरीवर कशाला वराडतायसा? दिवसभर तुमचाच आवाज कानात, अभ्यास शिरंल कुठनं?" मग तो तिच्यावर, ती त्याच्यावर. तव्यावरची भाकरी करपली, ती कुणी काढली नाही. मीच काढली.

समी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी. एक हात कठड्याला, दुसरा छातीवर, तोंड उघडं. मला वाटलं, घाबरलीय.

दहावीचे पेपर वीस फेब्रुवारीपासून. आमचा चटणीचा हंगामही तेव्हाच भरात येतो. देवा, यंदा दोन्ही एकाच घरात.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ वाटायच्या आधीच दारात तीन बायका मिरचीचे डबे घेऊन. ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, धणे, सगळा वास एकदम. आमचं मंगळवार पेठेतलं कांडप म्हणजे गल्लीचं नाक. ह्यांच्या माघारी मी पहिला डंक बसवला. लोखंडी मुसळं खाली-वर, खाली-वर, आणि मिरचीची चटणी. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावून लावून मला अक्षरं आली. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण आज ही वही लिहिते, ती त्या डब्यांच्या जिवावर. वहीसुद्धा समीची, गेल्या वर्षीची, मागची पानं कोरी राहिलेली.

दिवाळीत सर्जाची शिरोलीची नोकरी गेली. कंपनीनं माणसं कमी केली. मग त्यानं दुसरा डंक आणला आणि स्वतः उभा राहिला. सकाळी सातला चालू, रात्री आठला बंद. खालच्या पुढच्या खोलीत दोन डंक, मागं स्वयंपाकघर, वर माळा. माळ्यावर समी.

एक बाई पदर नाकाला लावून खोकत होती. म्हणाली, "मावशी, तुमच्या घरातल्या माणसांस्नी ठसका लागत न्हाय व्हय ओ?"

"न्हाय बाई," मी म्हणाले. "आमची नाकं मिरचीनंच धुतल्यात."

सगळ्या हसल्या. मीपण. अभिमानच होता की मला त्याचा.

१७ जानेवारी, शनिवार

शाळेतून निरोप आला होता. सर्जा-रूपालीला डंक सोडता येईना, मग मी गेले. समीच्या वर्गशिक्षिका, तरुण बाई, पण नजर तिखट. म्हणाल्या, "समीक्षा वर्गात झोपते. तिसऱ्या मजल्यावर चढली की दहा मिनिटं बोलत नाही. घरी अभ्यासाला शांतता आहे ना?"

मी छाती काढून सांगितलं, "स्वतंत्र माळा दिलाय तिला. कुणी पाय ठेवत नाही तिथं."

"आणि झोप लागते का?"

आजी म्हणवते, आणि ठाऊक नाही.

येताना समी दोनदा थांबली. चपलेचा बंद सारखा करतो म्हणाली. दुसऱ्यांदा मी बघितलं, तिच्या चपलेला बंदच नाही, पुढनं घालायची सपाता आहे.

"दम लागतोय व्हय गं?"

"न्हाय आज्जी. उन्हानं."

जानेवारीत कसलं ऊन.

१८ जानेवारी, रविवार. अमावस्या

लिहवत नाही. तरी लिहिते.

रूपाली सकाळपासून म्हणत होती, पोरीला दृष्ट लागलीय. नववीत नंबर आला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले, तेव्हापासून उतरती कळा. मलाही पटलं. अमावस्या होतीच. दुपारी खापरात निखारे घेतले. मूठभर मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. समीला पाटावर बसवलं, सात वेळा उतरवलं, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची म्हणून निखाऱ्यावर टाकलं. मिरच्या तडतडून काळ्या झाल्या. ठसका कुणालाच नाही. ना मला, ना रूपालीला, ना दारात उभ्या सर्जाला, ना समीला.

मिरच्या जळून ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर. हे आमच्यात लहान पोरंही जाणतात. मी म्हणाले, "आगं आई गं, केवढी ही दृष्ट!" आणि आणखी एक मूठ टाकली. दारं लावलेली. धूर खोलीत कोंडलेला.

समी पाटावर ताठ बसली होती. डोळ्यांतनं पाणी. ओठ मिटलेले, इतके की पांढरे पडले. मग एकदम पुढं वाकली, आणि तिच्या छातीतनं जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. बारीक शिट्टी. श्वास आत जाईना की बाहेर येईना. नखं निळी.

सर्जानं उचललं आणि गाडीवर घातलं. मी मागं धरून बसले. रस्ताभर तो ओरडत होता, बाजूला व्हा, बाजूला व्हा.

१९ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात आहे समी. नाकाला मास्क, वाफेचं औषध. आता बोलते थोडं.

डॉक्टरांनी सांगितलं, दमा आहे. आजचा नाही, बरेच महिन्यांचा. मग विचारलं, "घरात धूर, धूळ, उग्र वास काही?"

मी तोंड उघडायच्या आत रूपाली म्हणाली, "न्हाय ओ डॉक्टर. दिवसातनं दोनदा फरशी पुसते मी."

"वडील काय करतात?"

"शिरोलीला कंपनीत हाईत."

सर्जा खिडकीतनं बाहेर बघत राहिला. मी पदराशी चाळा करत राहिले. आम्ही तिघं तिथं उभे, तिघांच्या कपड्यांना मिरचीचा वास, आणि डॉक्टर कागदावर लिहून घेतात, घर स्वच्छ. बाहेर आल्यावर मी रूपालीला म्हणाले, खोटं का बोललीस. ती म्हणाली, "आत्या, खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते बंद करा. मग खायाचं काय?"

मी औषधांची चिठ्ठी पदरात बांधली.

२१ जानेवारी, बुधवार

समी घरी. दोन पंप दिलेत तोंडात मारायचे. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा त्रास झाला की. रूपालीनं दोन्ही रुमालात गुंडाळून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले. "पावणंरावळं येत्यात. पोरीला पंप लागतो म्हणून बोंब झाली तर उद्या सोयरीक कोण करंल?" आणि रोजचा रोज द्यायला नको म्हणते, सवय लागेल. बरी दिसतीय की!

दुपारी रूपाली कांडपात होती, डंकांचा आवाज चालू. समीचं अंथरूण दुपारपुरतं स्वयंपाकघरात घातलं होतं, मी तिच्या उशाला बसले. केस विंचरत विचारलं, "एवढा जीव कासावीस झाला, मग पाटावरनं उठली का न्हाईस?"

तिनं चादरीचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "आज्जी, मला ठसका येत होता. मी दाबला."

"का गं बाळा?"

"ठसका आला असता तर दृष्ट न्हाय असं ठरलं असतं. मग मी अभ्यासच करत न्हाय असं ठरलं असतं. मग पप्पा आईला बोलले असते, आई पप्पांना. दृष्ट असली की कुणी कुणाला बोलत न्हाय."

फणी माझ्या हातात तशीच.

आमच्या घरात मिरची जाळून ठसका कुणाला लागणार होता? तीस वर्षं मिरचीत बसलेली माणसं आम्ही. हे मला, एवढ्या म्हातारीला, कळू नये? आणि ज्या एकीला लागत होता तिनं आमच्या सुखासाठी गिळला. मी आणखी एक मूठ टाकली. मी टाकली.

२४ जानेवारी, शनिवार

गुडघे धरून माळ्यावर चढले. जूनपासून वर गेलेच नव्हते. पोरीला मोकळं सोडायचं म्हणून.

पुस्तकांच्या कडा तांबूस. उशीचा अभ्रा झटकला तर मीसुद्धा, मीसुद्धा शिंकले. खिडकी बंद, फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. समीनं कोंबलेले. एक बोळा काढून बाहेर बघितलं. खाली दोन हातांवर आमच्या पंख्याचं धुराडं. डंकाचा सगळा खकाणा, तिखटाची धूळ, ओढून बाहेर टाकायचा पंखा. दोन वर्षांमागं समोरच्यांनी तक्रार केली, आमच्या घरात तिखट येतं. तेव्हा मीच सर्जाला म्हणाले होते, नळी मागच्या बोळात फिरव, तिथं कोण राहतंय.

आणि जूनमध्ये मीच म्हणाले, पोरीला माळा द्या. वर निवांत असतं.

दोन्ही वेळा मी. भलं करायला गेले.

२५ जानेवारी, रविवार

सर्जाशी बोलले. म्हणाले, दहावी होईपर्यंत डंक बंद ठेव. तो हसला, वाईट हसला.

"आई, वर्षाचं पीठ-मीठ ह्या तीन महिन्यांत निघतंय. तुला काय म्या सांगायचं?"

"मग नळी तरी फिरव."

"रस्त्याकडं? उद्या समोरचे महापालिकेत जातील. मग कायमचंच टाळं."

"मग पोरगीला खाली झोपव."

"खाली कुठं, डंकावर?"

रूपाली मध्ये पडली. तिला म्हणायचं होतं आधीच दुसरा डंक आणायला नको होता. झालं. त्यानं तिच्या माहेराचं काढलं, तिनं त्याच्या गेलेल्या नोकरीचं काढलं. पितळी डबा फरशीवर. वरनं आवाज आला, समीचा, "मला काय होत न्हाय! मी बरी हाय!" आणि लगेच ते, शिट्टीसारखं. मी साड्यांच्या खालनं पंप काढून जिन्यानं कशी वर गेले माझं मलाच ठाऊक नाही.

भांडण आणि तिखट. पोरीच्या छातीला दोन्ही सारखंच लागतंय की काय.

३० जानेवारी, शुक्रवार

ओल्या चादरी लावल्या खिडकीला. दुपारपर्यंत लाल. धुतल्या, पुन्हा लावल्या. संध्याकाळी लाल. रोजचा पंप आता मी माझ्या कनवटीला ठेवते आणि दोन वेळा समोर उभी राहून देते. रूपाली बघते. थोडा फरक आहे. थोडाच. खाली हंगाम चढतोय, दारात रांग.

समीनं आज बीजगणिताचं एक पान तीन तास धरून ठेवलं. विचारलं तर म्हणाली, डोकं जड आहे. झोपच लागत नाही, आडवी झाली की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं, मग भिंतीला टेकून बसते. जूनपासून. आठ महिने पोरगी बसून झोपतेय, आणि आम्ही विचारतो अकरा मार्क का पडले.

४ फेब्रुवारी, बुधवार

देवळात जाते सांगून डॉक्टरांकडे गेले. एकटी. सगळं सांगितलं. डंक, माळा, धुराडं, दृष्टीच्या मिरच्या. रूपाली खोटं बोलली आणि मी गप्प बसले, तेही.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "आजी, मी औषध वाढवू शकतो. पण ती श्वास तुमच्याच घरातला घेणार."

मग विचारलं, "घरी ताणतणाव असतो का? आरडाओरडा?"

"ते काय डॉक्टर, कुठल्या घरात नसतंय."

"तिच्या छातीला ते चालत नाही," म्हणाले. "परीक्षेपर्यंत तरी दुसरीकडे ठेवता येईल का?"

दुसरीकडे. माझा भाऊ गडहिंग्लजला, तिथनं परीक्षा कशी देणार. रूपालीचं माहेर दोन खोल्यांत आठ माणसं. रस्त्यात सगळी नाती बोटांवर मोजली. बोटं उरली, नाती संपली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जैबूनबीकडे गेले. आमची नळावरची मैत्री, चाळीस वर्षांची. तीन गल्ल्या पलीकडं राहते, ती आणि तिचे टेलर मियाँ. मुलगी सौदीला. घर एवढंसं, पण मागच्या खोलीला झाडाची सावली. मी दारातच रडले. तिनं पाणी दिलं, ऐकलं, आणि म्हणाली, "रोती कायको? पोरगी घेऊन ये की. खोली रिकामी पडलीया."

"तुझ्या घरात भांडणं होत न्हाईत न्हवं?" मी विचारून गेले. माझी मलाच लाज वाटली.

ती खो खो हसली. "भांडायला आमच्या मियाँला ऐकू तर यायला पायजे!"

७ फेब्रुवारी, शनिवार

समीला जैबूनबीकडे पोचवलं. अंथरूण, पुस्तकं, दोन्ही पंप. पुस्तकं ओल्या फडक्यानं पानपान पुसून दिली.

रूपाली उंबऱ्यात बसून रडली. "आई जिती असताना पोरगी दुसऱ्याच्या दारात. गल्ली काय म्हणंल? आई सांभाळत न्हाय म्हणंल." तिचंही खोटं नाही. नववीपर्यंत प्रत्येक परीक्षेला ती पोरीसाठी उपास धरायची. तिच्या मायेला कुठून वाट काढून द्यावी मला समजत नाही.

सर्जा डंकापुढं पाठमोरा. मी म्हणाले, निघालोय. त्यानं मुसळांचा वेग वाढवला.

समी म्हणाली, "मी जातो, पप्पा." त्या आवाजात ऐकू गेलं की नाही देव जाणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस झाले. सकाळी डबा घेऊन जाते, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, मगच. जैबूनबीनं आज दारातच बोट ओठावर ठेवलं. समी झोपली होती. आडवी. कुशीवर. एक हात उशीखाली. किती वेळ बघत उभी राहिले. शिट्टी नाही.

उठल्यावर दोन भाकऱ्या खाल्ल्या. मागच्या प्रश्नपत्रिका सोडवल्यात, शाळेतल्या बाईंनी तपासल्या, गणितात चोवीस. चोवीस! मी आनंदानं घरी पळत आले सांगायला.

रूपाली म्हणाली, "म्हंजे आमच्याकडंच शिकत नव्हती."

आनंदाची बातमी होती, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर. मी, जैबूनबी, समी, तिघी चालत गेलो. समी एकदाही थांबली नाही. गेटजवळ ही गर्दी. दह्यानं हात भरलेल्या आया, सूचना देणारे बाप.

एकदम सर्जा. गाडीवरनं उतरून धावत आला, थेट डंकावरनं. हातात नवीन पेन. शर्टावर, केसांत, भुवयांत तिखट. "समे! समे!" म्हणत जवळ आला आणि समी मागं सरली. दोन पावलं. ठरवून नाही, चटका बसल्यावर हात मागं येतो ना, तशी.

त्यानं बघितलं. मग स्वतःच्या शर्टाकडं बघितलं. दोन्ही हातांनी झटकायला लागला तर तांबडा ढगच उठला, बाजूची माणसं खोकायला लागली. कोणीतरी म्हणालं, "अवो पावणं, लांब जावा की, पोरांचे पेपर हाईत!"

लांब गेला. रस्त्यापलीकडं, पानटपरीच्या बाजूला उभा राहिला. पेन जैबूनबीकडं दिलं होतं, तिनं पदरानं पुसून समीला दिलं. घंटा झाली, समी आत गेली, गेटकडं वळून बापाला हात केला. त्यानंही केला. मग तो बराच वेळ तिथंच. मी पलीकडं जायला पाहिजे होतं. नाही गेले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सर्जा माझ्याशी बोलला. वीस दिवसांनी. जेवताना, ताटाकडं बघत.

"आई, पंधरा वर्षं कंपनीत भट्टीपुढं काढली मी. आता डंकापुढं. तिसरं काय येतंय मला, सांग तू."

मी म्हणाले, जागा बघू दुसरी, कांडप तिकडं हलवू.

"बघितली. परवा बघितली. मिरची म्हटलं की कोण दार उघडत न्हाय." ताट सरकवलं. "आपल्यालाच वास येत न्हाय, आई. जगाला येतोय."

म्हणजे तो फिरतोय. मला न सांगता फिरतोय. मी त्याला दगड समजत होते.

आणि तरीही उद्या सातला डंक चालू.

९ मार्च, सोमवार

समीचे पेपर बरे जातात म्हणते. रविवारी रूपाली तिला भेटायला गेली, मीच बळंनं पाठवलं. परत आली ती थेट मोरीत. भांडी घासताना म्हणाली, "आत्या, ती हसली. त्या बीबींच्या कसल्यातरी बोलण्यावर. मी दारात होतो, मला बघितलं आन् थांबली." नळ चालू ठेवून रडली. मी नळ बंद केला नाही.

सांगावंसं वाटलं, तुझा दोष नाही. पण मग कुणाचा? माझाच धरला तरी माझं एकटीचं त्यात किती? रोजचा दिवस जसा उगवला तसा ढकलत गेलो आम्ही. वाईट कुणीच काही केलं नाही. आणि पोरगी भिंतीला टेकून झोपत राहिली.

१८ मार्च, बुधवार

शेवटचा पेपर झाला. उद्या पाडवा.

सर्जानं आज आणि उद्या डंक बंद ठेवलाय. भर हंगामात, रांग परत पाठवून. दोघा नवराबायकोंनी सकाळपासून घर धुतलं. माळ्यावर बादल्या चढवल्या, भिंती पुसल्या, नवा पडदा आणला, निळा, समीला आवडतो म्हणून. दिवसभरात एकदाही आवाज चढला नाही. दारातनं तांबडं पाणी वाहत होतं, गटारीपर्यंत. सणाला लेक घरात पाहिजे, रूपाली म्हणते. उद्या सकाळी सातला ती स्वतः आणायला जाणार. पुरणाची डाळ भिजत घातलीय.

परवा सातला डंक चालू. ते कुणी बोलत नाही.

मी संध्याकाळी जैबूनबीकडं गेले. समी मागच्या खोलीत पुस्तकं बांधत होती. म्हटलं, चला बाई, सुटलीस, उद्या घरी. तिनं सुतळीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"आज्जी, मला यायचं न्हाय."

"सणाला तरी?"

"सणाला आलो की परत सोडणार न्हाईत. आई रडंल. मग मी राहीन. मग मला काय झालं तरी मी सांगणार न्हाय, मला ठाव हाय माझं." मग लहान असताना विचारायची तसं विचारलं, "तू सांगशील का त्यांना? मी सांगितलं तर त्यांना वाटंल मला ते आवडत न्हाईत. तसं न्हाय."

"मग कसं गं?"

"तिथं मला श्वास घेताना पण बघावं लागतं, कोण काय करतंय."

जैबूनबी दारात उभी. तिनं बोलायचं नाहीच हे. पोर आमची.

घरी आले तर सर्जा जिन्याच्या पायऱ्या पुसत होता. कोपरापर्यंत ओला. लहानपणी पंचगंगेवरनं पोहून यायचा तसा दिसला. म्हणाला, "आई, भेटलीस? काय म्हणाली समी? येते म्हणाली न्हवं?"

मी म्हणाले, "दमलीय. झोपली होती."

पुन्हा खोटं. दवाखान्यात गप्प बसले तसंच.

वर निळा पडदा लागलाय. रूपाली खालनं विचारतेय, आत्या, समीच्या वाटणीच्या पोळ्या किती करू. ती सातला निघणार. म्हणजे मला सहाला उठून, ती चप्पल घालायच्या आत, तिला आणि सर्जाला समोर बसवून, सांगायचं की तुमची पोरगी

शब्द मांडून बघतेय. तीनदा लिहून खोडले.